लाल कुलूप आणि नव्वद वर्षांची ताटातूट

सायमन अंकल गेले. आता ऑफिसात माझ्याशी मराठीत भांडणारं कुणी उरलं नाही.

गुरुवारी दोहाच्या नजमा भागातल्या आपल्या खोलीत झोपले, ते उठलेच नाहीत.
काल वसईला दफन झालं. मी इथे दोहात, फोनवर फोटो बघत बसलो.

सायमन डाबरे. आमच्या अमेरिकन तेल कंपनीत नवीन माणसांचं इंडक्शन घ्यायचे.
(कंपनीचं नाव लिहीत नाही. सोशल मीडिया पॉलिसी. तीही अंकलनीच शिकवली.)

इंडक्शन म्हणजे दिवसभर सेफ्टी. जिन्यावर कठडा धरा. गाडी रिव्हर्समध्ये पार्क करा.
कंपनीच्या इतिहासाला एकच स्लाइड. बाकीचे ट्रेनर ती मिनिटभरात उरकतात.
अंकल अर्धा तास घ्यायचे. वर्गात हिंदी-इंग्लिशमध्ये, आणि मग जेवताना मला, 'नाशिककर' अशी हाक मारत, पुन्हा मराठीत. मी नको म्हटलं तरी.

"एक माणूस होता अमेरिकेत. हिशेबाला पक्का, रविवारी न चुकता चर्चला. दुसऱ्यांच्या रिफायनऱ्या गिळत गिळत त्याने देशातलं बहुतेक सगळं तेल आपल्या घरात आणलं."

"मग सरकारने कोर्टात खेचलं. कोर्ट म्हणालं, वेगळे व्हा. एका घराची तीस-पस्तीस घरं झाली, नाशिककर! कालपर्यंत एका ताटात जेवणारे, आता एकमेकांची गिऱ्हाइकं पळवायला लागले."

इथे चष्मा काढायचे. पुसायचे.

"आणि जवळजवळ नव्वद वर्षांनी त्यातली दोन मोठी घरं परत एक झाली."

वर्गात इथवर आले की मागून कुणीतरी अरबीत घाई करायचं, "यल्ला, चला सायमन, लंच!"
"खलास, खलास," म्हणत लॅपटॉप बंद.

मी एकदा खवचटपणे म्हटलं, "अंकल, प्रेमाने नाही हो आले एकत्र. तेलाचे भाव पडले होते म्हणून आले."

"कशाला का असेना," अंकल म्हणाले. "आले ना?"

आवाज नेहमीच्या भांडणातला नव्हता.

अंकलचा एक धाकटा भाऊ. पास्कल.
वसईत वाडीची वाटणी झाली तेव्हा केळी वाटली, नारळ वाटले. विहीर तेवढी सामाईक राहिली. तिच्यावर एकच पंप.

काही वर्षांपूर्वी अंकल सुट्टीवर गेले असताना पंपाच्या स्विचमधून ठिणग्या उडाल्या. वायरमन दोन दिवसांनी येतो म्हणाला. अंकलची फ्लाइट त्याच संध्याकाळी.

मग अंकलनी काय करावं?
प्लांटवर जे करतात तेच केलं. आमच्याकडे मशीन बिघडलं की त्याच्या स्विचला लाल कुलूप लावतात, म्हणजे चुकून कुणी चालू करून मरू नये. वर टॅग: हात लावू नका. आणि ज्याने कुलूप लावलं, त्यानेच काढायचं. दुसऱ्याला किल्ली द्यायची नाही.

अंकलनी कुलूप लावलं, टॅग लावला, आपली सही केली, आणि सवयीने किल्ली खिशात टाकून दोहाला आले.

पास्कल बाजारातून परतला तर सामाईक पंपाला भावाचं कुलूप. वर भावाची सही. हात लावू नका.

आता सांगा, वाटणी झालेल्या घरात याचा अर्थ काय होणार?

त्याने कुलूप तोडलं. फोनवर नको ते बोलला, अंकलचं काही ऐकून घेतलं नाही. नंतर फोन उचलणंच बंद.
अंकलही कमी हट्टी नव्हते. "त्याला शॉक लागू नये म्हणून लावलं, आणि मीच चोर?"

चार-सहा वेळा फोन केला, मग सोडून दिला.
बायको आधीच गेलेली, मूलबाळ नाही. नाताळला वसईला जायचेही थांबले. "कुणाकडे जाऊ?" म्हणायचे. नाताळच्या दिवशी आम्ही दोघे नजमातल्या कॅफेटेरियात बिर्याणी खायचो. माझी बायको-मुलं नाशिकला, त्यामुळे मीही कायमचा मोकळा.

ती किल्ली मात्र त्यांच्या आयडी कार्डाच्या पट्ट्याला शेवटपर्यंत होती.
त्यांचं सामान मीच भरलं. किल्ली काढून ठेवावी असं मनात आलं होतं. नाही काढली.

आज सकाळी वसईहून फोन.

"मी पास्कल. सायमनचा भाऊ. त्याच्या सामानात, कार्डाच्या पट्ट्याला अडकवलेली एक किल्ली आलीय. ती कसली?"

सगळं सांगितलं. ठिणग्या, टॅग, कंपनीचा नियम.

"म्हणजे मला शॉक लागू नये म्हणून?"

"हो."

"मग बोलला का नाही तसं?"

"तुम्ही फोन उचलत नव्हतात."
हे बोलायला नको होतं. पण मला राग आला होता. अजून आहे.



मग त्याने हळूच विचारलं, "माझ्याबद्दल काही बोलायचा का तो?"

काय सांगू? पंपाची गोष्ट एकदा सांगितली, त्यानंतर नाव कधी घेतलं नाही.
म्हटलं, "ते कंपनीचा इतिहास सांगायचे."

आणि मी सांगायला बसलो. तो चर्चला जाणारा माणूस, कोर्ट, तीस-पस्तीस घरं, पळवलेली गिऱ्हाइकं. अंकल सांगायचे तसंच, जराही घाई न करता. मध्ये कुणी यल्ला म्हणालं नाही.

शेवट सांगितला तेव्हा पास्कलने विचारलं, "किती वर्षांनी एक झाले म्हणालात?"

"जवळजवळ नव्वद."

"कंपन्यांना परवडतं ते," पास्कल म्हणाला, आणि रडायला लागला.

अंकल, उद्या नवीन बॅच आहे. तुमची स्लाइड माझ्याकडे आलीय.
गोष्ट जिथे पोचायला हवी होती तिथे आज पोचली. उशीर झाला, पण पोचली.

आता आईवडिलांशेजारी निवांत झोपा.
तुमचा, नाशिककर.