गुडघ्यापुढची वीत

हायब्रिड गाडी घ्यायची ठरली, पण दोन गाड्यांमध्ये माझं अडलं होतं. शेवटी बाबांनाच शोरूममध्ये नेलं, कारण मागे तेच बसणार. आधी मी पुढची सीट माझ्या पायांना सोयीची लावायची, मग बाबांनी मागे बसून गुडघ्यापुढे वीत धरून पाहायची, असं आमचं मोजमाप.

पहिल्या गाडीत वीत सहज मावली. दुसरी गाडी लहान. "हिच्यात मागे जरा कमीच जागा आहे," तिथल्या मुलीने आधीच सांगून टाकलं. बाबांनी हात पसरला. इथेही वीत मावली.

"ऐसपैस आहे रे," ते खूश होऊन म्हणाले.

मी आत डोकावलो; मागच्या सीटवर बाबा केवढेसे दिसत होते. आमची जुनी गाडी या दोन्हींपेक्षा मोठी. तरी तिच्यात बाबांचे गुडघे माझ्या पाठीला टोचायचे आणि मी दर वळणावर वैतागायचो. ते टोचणं कधी थांबलं, माझ्या लक्षातच आलं नव्हतं. घरातली जागासुद्धा अशीच वाढत जात असेल का, कुणाला काही न सांगता?

चक्कर मारायची म्हणून मी पुढे बसून बटण दाबलं. गाडी बॅटरीवर चालू झाली, जरासुद्धा आवाज न करता. त्या शांततेत मागे कुणी आहे की नाही तेही कळेना. आरशात बघायचा धीर होईना.

"बाबा?"

"अं? चालू झाली का?"

मी सीटखालचा खटका ओढला आणि सीट मागे सरकवत गेलो, त्यांचे गुडघे पाठीला लागेपर्यंत.