जावयाची डोंगरी सायकल

माणसानं एक वेळ जावयाच्या वरणात मीठ विसरावं, पण जावयाच्या वस्तूला हात लावू नये. हे शहाणपण मला कसं सुचलं, ते आता काय सांगू तुम्हाला! हसा खुशाल, फक्त चहा सांडू नका.

मोबाइलला बटणं होती, त्या काळातली गोष्ट. धोंड्याचा महिना होता. आमची मीना अन् जावई संदीपराव स्वित्झर्लंडहून आले. बाळापूरजवळच्या आमच्या खेड्यात परदेशी जावई म्हणजे केवढा थाट! सोबत एक भलंमोठं खोकं होतं. अख्खी गल्ली बघायला जमली. खोक्यातून निघाली सायकल!

चाकं माझ्या कमरेपर्यंत. टायर बघितले तर ट्रॅक्टरच्या टायरचे धाकटे भाऊ. अन् स्टँड? नाही. मडगार्ड? नाही. घंटी? तीही नाही!

"संदीपराव, बाकी सामान विमानातच ऱ्हायलं का काय?"

"नाही बाबा, ही अशीच असते. आल्प्सच्या डोंगरात दगडांवरून, झाडांच्या मुळांवरून हिच्यावर बसून उतरतो आम्ही. आता हिमाचलात जायचंय. मित्र तिथं थांबलेत. दोन वर्षं तयारी केलीय."

परवा निघायचं होतं त्यांना.

दुपारी धोंड्याचं जेवण झालं. पुरणाचे धोंडे, वर तूप. अन् सासुरवाडीत जावयाला 'बस' म्हणायची सोय नसते. संदीपराव आडवे झाले ते घोरायलाच लागले. मी म्हटलं, बसून तर बघावं. सायकल भिंतीला टेकवली, भिंत धरली अन् चढलो.

सायकल खाली बसली हो!

पुढून दबली, मागून दबली. उतरलो तर वर आली. पुन्हा बसलो, पुन्हा खचली. नव्वद किलोचा सासरा, मोडली ना जावयाची सायकल! अन् हा माणूस हिच्यावर बसून डोंगर उतरणार. काही बरंवाईट झालं तर माझ्या मीनाचं काय?

उठवून सांगायला हवं होतं, मान्य. पण जावयासमोर सासऱ्यानं कान पकडायचे? आमच्या भावकीत तशी रीत नाही. ओळखीचा टेम्पो बोलावला, सायकल टाकली अन् थेट वारंगा फाटा गाठला. तिथं एक मिस्त्री ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या दुरुस्त करायचा.

त्यानं सायकल दाबून बघितली. "नाना, ही तं मधातूनच खिळखिळी झाली. अशी हलून राहिली तं जावई काय धड वापस येत न्हाई."

"मंग कसं करतो?"

"बराबर जाम करून देतो. पन मधात हा पंप काहून बसवला?"

"हवा भराया असंल."

"त्याचीच तर तकलीफ हाय!" म्हणत त्यानं पंपाला भोक पाडलं. फुस्स करून हवा गेली, मागून तेल आलं. मग दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्ट्या अन् नटबोल्ट लागले, पुढच्या दांड्यांवर क्लॅम्प बसले. मी दोन्ही हातांनी जोर लावून दाबलं. केसभर हलेना! आता आलोच आहोत तर म्हणून मी स्टँड बसवलं, घंटी बसवली. अन् कॅरिअर नको? मीना बसणार कुठं?

संध्याकाळी सायकल अंगणात ऐटीत उभी. आमच्या मंडळींनी हळदकुंकूही वाहिलं. संदीपराव डोळे चोळत बाहेर आले अन् जागीच थांबले.

"बाबा... हे काय?"

"मोडली व्हती. मीच बसलो व्हतो, खोटं कशाला बोलू? पन आता बघा, जरा बी हलत न्हाई!"

त्यांनी सीट दाबली. एकदा, दोनदा. "बाबा, ती हलण्यासाठीच बनवलीय. मोटरसायकलला शॉकअप असतात ना? तसे हिला पुढं-मागं आहेत. दगडाचा हिसका तिनं खायचा, आपण नाही."

"अन् तो पंप?"

"तोच मागचा शॉकअप."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. हिमाचल बुडालं. मित्र त्यांच्याशिवाय पुढं गेले. मीना दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. संदीपराव मात्र गावाला एकच सांगायचे, "मी पडलो, म्हणून मोडली." माझी लाज राखली हो त्यांनी! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण आमचं गाव! हॉटेलात दुसरा विषयच नाही.

"परदेशात ऱ्हातेत अन् सायकल येईना व्हय? नाना, तुमीच शिकवा की जावयाला!"

खरं बोलायची हीच वेळ होती. अन् मी काय म्हणालो? "शिकवतो की!"

दुसऱ्या दिवशी सकाळी आल्प्स उतरलेला माझा जावई त्या जाम सायकलवर, अन् सीट धरून मागं धावतोय मी. "बाबा, सोडू नका हं!" ते मुद्दाम मोठ्यानं ओरडायचे. तिसऱ्या फेरीला मी हात सोडला अन् ते सरळ निघाले. गावानं टाळ्या पिटल्या. "मानलं नाना, एका दिवसात शिकवली!" म्हणत लोकांनी माझीच पाठ थोपटली.

तेव्हापासून गावात कुणाला सायकल शिकायची असली, की माणसं माझ्याकडं येतात. मी सीट धरतो, मागं पळतो, वरून रागावतोही. आता नाही म्हणू तरी कसं?

पण तुम्ही घरचे म्हणून सांगतो, कुठं बोलू नका. मला स्वतःला सायकल येत नाही.