बागेत सांगायचं ठरलं होतं

कॉलेजात तिला सगळे तंद्री म्हणत. हे नाव कुणी ठेवलं ते तिला आठवत नव्हतं, कारण ठेवलं तेव्हा तिचं लक्षच नव्हतं. ती चहा ओतायला लागली की कप भरायचा, बशी भरायची, टेबलही न्हाऊन निघायचं, आणि बाईसाहेब खिडकीबाहेर. अशा मुलीला सांभाळायला देवानेच मास्तरीण धाडली, असं तिची आई म्हणे. मास्तरीण म्हणजे तिच्या खोलीतली जोडीदारीण. तंद्रीची छत्री, किल्ली, परीक्षेची तारीख, सगळा कारभार तिच्या डोक्यात. कॉलेज संपल्यावर दोघींनी मिळून छोटंसं घर भाड्याने घ्यायचं, हे पहिल्याच वर्षी ठरून गेलं होतं.

आणि आता तंद्रीला दूरच्या शहरात नोकरी लागली होती. नकाशे काढणाऱ्या ऑफिसात, अगदी तिला हवी होती तशी. उद्या होकार कळवायचा होता आणि मास्तरणीला अजून पत्ताच नव्हता. तंद्री रोज सांगायला म्हणून तोंड उघडायची आणि 'दूध संपलंय का गं' असं काहीतरी विचारून गप्प बसायची.

रविवारी मास्तरणीच्या मामेभावाने गाडी काढली आणि तिघं गावाबाहेरची शेतं बघायला निघाली. आज सांगायचंच, असं तंद्रीने मनाशी पक्कं केलं.

पानगळीचे दिवस होते. ऊन इतकं मऊ पडलं होतं की तंद्रीला वाटलं, गाडी जागच्या जागी उभी आहे आणि शेतंच आपल्याला भेटायला येताहेत. कापलेल्या गवताचे भारे आले, मग नांगरलेली काळी जमीन, मग भोपळ्यांचा मळा. मामेभाऊ सगळ्यात मोठ्या भोपळ्यावर ऐटीत बसला आणि फोटो काढून घेतला. तंद्री हसली, पण तिचं हसणं कुठूनतरी लांबून आल्यासारखं होतं. असाच दिवस चालू राहिला, संध्याकाळ झालीच नाही, तर काय बिघडेल?

शेवटी नासपतीची बाग आली. बागवाल्या काकूंनी फळ कसं काढायचं ते दाखवलं. तळहातावर घ्यायचं आणि हलकेच वर उचलायचं. तयार असलं की आपणहून हातात येतं. नाही आलं तर सोडून द्यायचं, ओढायचं नाही.

तंद्रीने ऐकलं कुठे? मनातल्या मनात ती वाक्य जुळवत होती, 'अगं, मला तुला एक सांगायचंय', आणि त्या भरात तिने फळ ओढलं. कट् करून आवाज झाला. फळासोबत फांदीवरचा तुकडाही हातात आला.

"झालं," काकू म्हणाल्या. "त्या तुकड्यावर पुढच्या वर्षीच्या मोहराचा डोळा होता, बाळा. आता तिथे काही धरायचं नाही. आमच्याकडे डोळा तोडला की पडलेली फळं वेचायची शिक्षा. घ्या टोपली."

"मी जाते हिच्याबरोबर," मास्तरीण म्हणाली. "एकटी सोडली तर ही मुक्कामच करेल तिकडे."

मामेभाऊ काकूंशी गप्पा मारत मागे राहिला. बागेच्या टोकाला दोघीच उकिडव्या बसल्या. पिवळ्या पानांखाली फळं लपली होती, गोडसर आंबूस वास सुटला होता, माश्या घोंघावत होत्या. तंद्रीने पानांकडे बघत सगळं सांगून टाकलं. नोकरी, शहर, उद्याचा होकार.

मास्तरणीने एक फळ उलटंसुलटं करून पाहिलं.

"पगार बरा आहे?"

"हो."

"राहायची सोय?"

"ते देणार आहेत."

"स्वेटर घेऊन जा. मी बांधून देईन, तू विसरशील."

एवढंच. इतके दिवस तंद्री मास्तरणीच्या रागाला भीत होती. आता कळलं की तिला तो राग हवा होता. भांडण, रुसवा, काहीही चाललं असतं.

"तुला काहीच वाटत नाही?" तिने विचारलं. "एकदा तरी थांब म्हण ना."

मास्तरीण बराच वेळ पानं बाजूला सारत राहिली. तिथे एकही फळ नव्हतं.

"म्हटलं तर तू थांबशील," ती म्हणाली. "म्हणून तर म्हणत नाहीये."