पाळण्यांच्या खोलीत मंत्रीणबाई

लांज्याजवळच्या एका काजू कारखान्यात मी वीस वर्षांहून जास्त काळ पोरं सांभाळते आहे. काय काम करता, असं कोणी विचारलं की मी सांगते, चाळीस बायकांचे काजू सोलून देते. ऐकणारा बुचकळ्यात पडतो. पण त्यात खोटं काय आहे? पोरं माझ्याकडे असतात म्हणून बायकांचे हात मोकळे असतात, आणि हात मोकळे असतात म्हणून काजूगर सोलून होतात. मी माझ्या कामाला कमी लेखत नाही आणि दुसऱ्यालाही लेखू देत नाही. स्वभावच तसा आहे. सासूनेही बदलून पाहिला होता.

आधी मीसुद्धा सोलायलाच होते. घरधनी बोटीवर खलाशी, आठ-आठ महिने पाण्यावर. धाकटी झाली तेव्हा मोठी पाचवीत होती, वर्गात पहिली यायची. धाकटी तीन महिन्यांची झाल्यावर मी कामावर परत गेले आणि तिला बघायला घरात मोठीशिवाय कोणी उरलं नाही. चार दिवस शाळा बुडली, मग महिना बुडला, मग सुटलीच. गावात अंगणवाडी होती, पण तिथे पोर तीन वर्षांचं झाल्यावर घेत. त्याच्या आतलं पोर कुठे ठेवायचं, हे कोणालाच सुचत नव्हतं. पुढे धाकटी अंगणवाडीत जायला लागली तेव्हा मी मोठीला परत शाळेत घालायला निघाले, तर ती म्हणाली, आता लहान पोरांच्या वर्गात मी बसणार नाही. चार वर्षांनी तीही माझ्यासारखी कारखान्यात सोलायला आली.

त्याच सुमाराला मी मालकांना गाठलं. मालक आमच्याच वाडीतले, वयाने लहान, मला आक्का म्हणतात. म्हटलं, "भाऊ, सोलणारीण म्हणून मी एकटी. पोरं सांभाळायला मला बसवलंत तर आणखी दहा जणी येतील." मालकांना धंद्यातलं लगेच कळतं. कारखान्याच्या मागची चिऱ्याची खोली त्यांनी दिली. तुळईला दोर बांधून आम्ही जुन्या साड्यांच्या झोळ्या टांगल्या, खाली गोधड्या घातल्या. त्या खोलीत वाढलेल्या एकाही पोराच्या ताईची शाळा सुटली नाही. हे मी छाती पुढे काढून सांगते.

तर गेल्या वर्षी मालक एक दिवस धावतपळत खोलीच्या दारात आले. पाहुणे यायचे होते. उत्तर ध्रुवाकडच्या कुठल्याशा बर्फाळ मुलखाच्या सरकारातली एक मंत्रीणबाई आपल्या माणसांना घेऊन रत्नागिरीत आंबा-काजूचे कारखाने बघत फिरत होती. तिच्या मुलखात थंडीचे काही महिने ऊन नावालाच पडतं म्हणे. तिच्याकडे तीन खाती होती, शाळांचं, पाळणाघरांना अनुदान देण्याचं आणि उद्योगधंदे वाढवण्याचं. मालकांनी त्यांतलं तिसरं तेवढं ऐकलं होतं.

"आक्का, चार दिवस पोरं आणायची नाहीत. परदेशी गिऱ्हाईक कारखान्यात पोर बघतं नि बालमजूर समजतं. त्यांच्याकडून येणारी ऑर्डर जाईल."

"झोळीतलं पोर काजू सोलतं होय?" मी विचारलं.

मालकांनी दारावर हात ठेवला, माझ्याकडे न बघता म्हणाले, "तशीही ही खोली मला बियांच्या पोत्यांना हवीच आहे. पाहुणे गेल्यावर पोती आतच राहतील. तुम्ही आता आराम करा."

म्हणजे चार दिवस नव्हे, कायमचंच. मी घरी आले आणि भांड्यांवर राग काढला. वीस वर्षांत मला कोणी आराम करा म्हटलं नव्हतं, आणि तो सल्ला मला शिवीसारखा लागला.

पाहुण्यांच्या दिवशी मी मुद्दाम कारखान्यात गेले. पांढरी टोपी घातली आणि सोलायला बसले. बोटं अजून विसरली नव्हती. मान वर करून पाहिलं तर अर्ध्या जागा रिकाम्या. पोरं आणू नका म्हटल्यावर पोरांच्या आया तरी कुठून येणार? माझी मोठीही घरी राहिली होती, तिचं शेंडेफळ दोन वर्षांचं होतं. एवढी साधी गोष्ट मालकांच्या लक्षात आली नव्हती. ते दारात उभे राहून घाम पुसत होते.

मंत्रीणबाई आली. पन्नाशीची, उंच, पायांत साधे बूट. तिच्या शेजारी दुभाषी म्हणून माझी धाकटी. ती रत्नागिरीत कॉलेजात इंग्रजी शिकवते. तालुक्यात तिच्याएवढं इंग्रजी कोणाला येत नाही असं मालक सगळ्यांना सांगत होते. मी ते ऐकत होते आणि काजूगर फुटेपर्यंत दाबत होते, इतका मला अभिमान वाटत होता.

बाईने रिकाम्या जागांकडे पाहून काहीतरी विचारलं. धाकटीने मालकांना सांगितलं, "बाकीच्या बायका कुठे आहेत, असं विचारतायत."

"सांग, सण आहे," मालक म्हणाले.

धाकटीने सांगितलं. बाईने पुन्हा विचारलं, कुठला सण? मालकांना सण सापडेना. मला तोंड आवरलं नाही. मी जागेवरूनच म्हणाले, "पोरं सांभाळायचा सण हाय म्हणून सांग तिला. पोरांची खोली बंद केली यांनी, म्हणून आया घरी बसल्या."

धाकटीने एकदा मालकांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग तिने सगळं इंग्रजीत सांगितलं. मालकांनी डोळे मिटून घेतले. बाईने मात्र ती खोली बघायची म्हटलं.

खोलीत छपरापर्यंत पोती. पण दोर सोडायला कोणाला आठवलं नव्हतं, ते तुळईला तसेच लोंबत होते. बाईने एक दोर हातात धरला आणि माझ्याकडे पाहिलं. म्हणजे तू सांग. मी सांगितलं. अंगणवाडी तीन वर्षांनंतर, त्याच्या आतलं पोर इथे. हे सांगता सांगता जे सांगायचं नव्हतं तेही निघून गेलं. "ही खोली नव्हती तेव्हा मी कामाला आले, नि धाकटीला सांभाळायला माज्या मोठीची शाळा सुटली. पहिली यायची ती."

धाकटी थांबली. त्या गोष्टीतली धाकटी तीच, हे बाईला ठाऊक नव्हतं. आमच्या घरात ही गोष्ट सगळ्यांना माहीत होती, पण मोठ्याने कोणी कधी बोललं नव्हतं. धाकटीने ओढणीचं टोक मुठीत घेतलं. बाईने घाई केली नाही. मग धाकटी एकच छोटं वाक्य बोलली. मी सांगितलं होतं त्यापेक्षा खूपच छोटं. बाईने दोर सोडला आणि तिचा हात धरला.

त्यानंतर बाई थोडंच बोलली. तिच्या मुलखातही पाळणाघरात जागा मिळत नाही म्हणून आया नोकरी सोडतात. पाळणाघर आणि उद्योगधंदे अशी दोन खाती एका बाईकडे कशाला, असं लोक तिला विचारतात. आता घरी गेल्यावर या खोलीबद्दल सांगेन, म्हणाली. मग मालकांकडे वळून तिने विचारलं, बायका परत कधी येणार? धाकटी मराठीत सांगायच्या आधीच मालक म्हणाले, "टुमॉरो."

पाहुणे गेले आणि पोती बाहेर निघायला लागली. मी एकाही पोत्याला हात लावला नाही, आणि याचं मला आजही वाईट वाटत नाही. मालकांनी स्वतः वाहिली. शेवटचं पोतं टाकून आले नि म्हणाले, "आक्का, चुकलंच माझं." मी म्हटलं, "चुकलंच." ऑर्डर पुढे आली, थोडी उशिरा आणि थोडी कमी.

संध्याकाळी धाकटी मला घेऊन मोठीकडे गेली. बातमी आमच्या आधीच पोचली होती. मोठी पडवीत मासे साफ करत होती, नात तिच्या पाठीला लोंबकळत होती. मोठीने हात न थांबवता विचारलं, "आये, त्या बाईला माज्याबद्दल काय सांगितलंस?"

"सांगितलं, शाळा सुटली तुजी."

"सुटली नाय. मी सोडली," मोठी म्हणाली. "तू कामाला गेलीस, ही रडायची. दप्तर मी माळ्यावर टाकलं, तू नाय. एवढी वर्षं आपल्या अंगाला काय लावून घेतलंस गो?"

मी धाकटीला विचारलं, "तू मग काय सांगितलंस तिला? एवढंसंच तर बोललीस."

धाकटी उंबऱ्यावर बसली होती. आधी तिने ते इंग्रजीत म्हटलं. मोठीने मान हलवली, कळत नाही गो. मग धाकटी मराठीत म्हणाली, "ताईनं तिची शाळा मला दिलीन, असं सांगितलं."

मोठीचे हात थांबले. मी माझ्या पोरींची आई आहे याचा मला त्या क्षणाइतका अभिमान कधीच वाटला नव्हता, आणि डोळ्यांतलं पाणीही मी लपवलं नाही.

मग मोठीने मनगटाने नाक पुसलं आणि पाठीवरच्या पोरीला पुढे ओढलं. "उद्या हिला किती वाजता आणू?"

"साडेआठला," मी म्हटलं. "उशीर केलास तर दारातच उभी करीन."