विमा असलेली गाडी

नोकरीतले बहुतेक गुन्हे आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. आरोपी एका प्रकरणातला आठवतो आणि गाव दुसऱ्याच प्रकरणातलं. रिद्धपूर रस्त्यावरचा तो अपघात मात्र अजून जसाच्या तसा समोर उभा राहतो. त्यात कोणी मेलंही नव्हतं.

तेव्हा मी मोर्शी भागात ठाणेदार होतो. मुलांच्या शाळेसाठी बिऱ्हाड अकोल्याला ठेवलेलं, त्यामुळे क्वार्टरमध्ये मी आणि एक कुरकुरणारा पंखा. दिवाळीला फराळाचे डबे यायचे, पण ते माझ्या खुर्चीला यायचे, एवढं कळण्याइतकी नोकरी झाली होती. त्या वर्षांत ठाण्याचा दिवस अकस्मात मृत्यूच्या नोंदीनं सुरू होई. खेड्यापाड्यांतून विष घेतल्याच्या खबरा येत. अशात हात मोडलेल्या एका बांगडीवालीकडे पाहायला कोणाला सवड नव्हती.

बाई पन्नाशीची, मुसलमान, विधवा, मूलबाळ नाही. सगळे तिला आपा म्हणत. रिद्धपूरला दर्शनाला येणाऱ्या बायकांना बांगड्या भरून ती संध्याकाळी पायी घरी निघाली होती. संत्र्याच्या मेटाडोरनं तिला मागून उडवलं आणि उजवं मनगट चाकाखाली गेलं. बांगडी भरताना समोरच्या बाईचा पंजा दाबून मऊ करावा लागतो. तो दाबणारा हातच निकामी झाला.

गाडी शोधावी लागली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मालक स्वतःच ड्रायव्हर आणि मेटाडोर घेऊन ठाण्यात हजर झाला. संत्र्याचा मोठा व्यापारी, सत्कारांचा शौकीन. त्याच्या घरी शालींसाठी वेगळं कपाट आहे, असं आमचा हवालदार सांगायचा.

"चूक झाली साहेब. आमी पळून जानारे लोक नाही," मालक म्हणाला आणि नोंदणीचं पुस्तक, लायसन, विम्याची पॉलिसी असं सगळं एका पिशवीतून काढून त्यानं टेबलावर मांडलं. तालुक्यातल्या गाड्यांचे कागद सहसा घरी, नाही तर एजंटकडे असतात. इतका तयार माणूस पाहून मला कौतुक वाटायला हवं होतं.

जखमी माणसाला नुकसानभरपाईचा दावा लावायचा तर गुन्ह्याची नोंद लागते, घटनास्थळाचा पंचनामा लागतो, जखमांचं आणि पुढे अपंगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. चालकाचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो. सगळ्यात आधी, धडक कोणत्या गाडीनं दिली हे ठरावं लागतं. गाडी सापडलीच नाही तर सरकारी मदतीची किरकोळ रक्कम मिळते. गाडीला विमा असेल तर कंपनी भरते, नसेल तर सगळं मालकाच्या अंगावर येतं.

आठवडाभरानं शेंदूरजनाघाटहून फोन आला.

"ठाणेदारसाहेब, तुमी भलतीच गाडी बांधून ठेवली. मारनारी गाडी त्याच्या वखारीत उभी हाये."

"आपण कोण?"

"माह्या नावाचं काय लोनचं घालता? जाऊन पाहा ना बावा!"

खबर देणाऱ्याला सत्याची ओढ असतेच असं नाही. बहुतेक वेळा त्याचा धंद्यातला भाऊबंद त्याच्या पुढे गेलेला असतो. तरी आम्ही वखारीत गेलो. तिथे त्याच रंगाची दुसरी मेटाडोर उभी होती. तिचा विमा संपून गेलेला. पुढचा दिवा नवा. बॉनेटवर ताज्या शेंदराचं स्वस्तिक, झेंडूचा हार नुकता कुठे सुकू लागलेला, पुढच्या चाकांखाली चिरडलेली लिंबं आणि बाजूला नारळाच्या करवंट्या. ठाण्याच्या आवारातल्या गाडीवर दसऱ्याच्या हाराचा नुसता दोरा लोंबत होता.

मी ड्रायव्हरला बोलावलं. चाळिशीचा, भिडस्त माणूस. आधी चहा पाजला.

"धडक ठाण्यातल्या गाडीनं दिली ना? मग पूजा त्या दुसरीची कावून केली?"

"रक्त लागलं होतं ना साहेब तिले," तो सहज बोलून गेला. "तशीच कशी रस्त्यावर काढाव? मीच मालकाले मनलं, पयले नारळ फोडा."

मग आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानात आलं. त्यानं कप खाली ठेवला आणि पाणी मागितलं. वखारीतल्या गाडीच्या चाकावरच्या कमानपाट्यांच्या सांध्यात वाळलेलं रक्त सापडलं. ते तपासणीला पाठवलं. मालकानं गाड्या बदलल्या होत्या, पण रक्त लागलेल्या गाडीची शांती न करता तिला भाड्यावर पाठवायची त्याची छाती झाली नव्हती.

एक गोष्ट उरली होती. आपानं जबाबात विमा असलेल्या गाडीचाच नंबर सांगितला होता. मी अमरावतीच्या दवाखान्यात गेलो.

"आपा, धडक मागून बसली. नंबर कसा दिसला?"

"दिसला."

"वाचता येतं?"

ती हसली. "तुमीबी साहेब! दवाखान्यात पडलेल्या बाईले असं पकडता काय?"

"पैशासाठी केलंत?"

"मालक मनला, विमावाले पैसे देतीन. देवोत. पर त्याच्यासाठी नाही." तिनं डाव्या हातानं खाटेखालचा स्टीलचा डबा दाखवला. "मालकीन येते रोज, यष्टीनं. डबा आनते. माहं डोकं विंचरून देते, मले एका हातानं होत नाही. आमचे मिया गेले तवापासून माह्या डोक्याले कोनाचा हात नवता लागला. तुमी खरं लिहिलं का तिचं येनं बंद."

पहिल्या दिवशी त्या बाईला नवऱ्यानं पाठवलं असेल. पण केस विंचरायला कोणी नवऱ्याच्या सांगण्यावरून बसत नाही.

मी आपाला सगळं समजावून सांगितलं. मी वखारीत पोचलो तसा विमा कंपनीचा माणूसही पोचेल. मग दावा खोटा ठरेल आणि हाती काहीच येणार नाही. खरं सांगितलं तर भरपाई मालकाकडून मिळेल. त्यानं दिली नाही तर कलेक्टर शेतसाऱ्यासारखी वसूल करेल. वेळ लागेल, पण बुडणार नाही.

"पैसे भेटतीन मनता," ती म्हणाली. "आन ती?"

याला माझ्याकडे कलम नव्हतं. आपा खाटेखालच्या डब्याकडे पाहत म्हणाली, "लिहा." मी पुरवणी जबाब लिहिला. पोलिसांनी घेतलेल्या जबाबावर सही-अंगठा लागत नाही. वाचून दाखवला, तिनं "हाव" म्हटलं.

पुढल्या आठवड्यात गेलो तेव्हा तिच्या केसांच्या जटा झाल्या होत्या. डबा मालकाच्या माणसानं परत नेला होता.

मालकानं न्यायाधिकरणात शेवटपर्यंत वाद घातला. निकाल आपाच्या बाजूनं लागला, आणि मालकाच्या संत्र्याच्या बगीच्यावर जप्तीची नोटीस लागल्यावर रक्कम जमा झाली. त्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात तिनं मला बाजूला घेतलं.

"साहेब, एक अर्ज करता येते काय? पैसे मालकिनीच्या हातून द्या मनून?"

"रक्कम बँकेत जमा होते आपा. कोणी कोणाच्या हातात देत नाही."

"मंग राहू द्या," ती म्हणाली आणि पदर सावरून, एका हातानं कठडा धरत पायऱ्या उतरली.

खोट्या जबाबातून साक्षीदाराला काय मिळणार, हे शोधायला आम्हाला शिकवलेलं असतं. खरं बोलून त्याचं काय जाणार, हे मी या प्रकरणात पहिल्यांदा पाहिलं. त्यानंतर दवाखान्यात जखमीचा जबाब घ्यायला बसलो की आधी विचारायचो, भेटायला कोण कोण येतं? उत्तर देण्याआधी बरेच जण वॉर्डाच्या दाराकडे पाहायचे.