वजनावर न देता भोरला नेलेले विळे

भात कापणीच्या तोंडावर आमचे मालक, म्हणजे घरधनी, म्हणाले, "हे चाळीस विळे व्यापाऱ्याला शेरावर, वजनानं देतो, भट्टीचा भाता बंद करतो आन् पुण्याला कारखान्यात लागतो." मी म्हटलं, "एकदा मला भोरला जाऊ द्या. नगावर खपले तर भाता चालू ऱ्हाईल. न्हाईतर जावा खुशाल." मी दोनच यत्ता शिकलेय. पण आपली हत्यारं घेऊन ज्यांना त्या वाटेनं जायचंय, त्यांच्यासाठी लिहिते.

वेल्ह्याहून नसरापूरपर्यंत बैलगाडी. उजाडता निघा, दुपार टळते. गाडीवाल्याची कुऱ्हाड शेवटून, नवी धार काढून दिली, भाडं फिटलं. भाकरी बांधून न्या, नसरापूरची भजी तेलकट. पुढं एसटी. पाती पोत्यात टोकं आत करून बांधा, नाहीतर कंडक्टर चढू देत नाही. आमचा म्हणाला, "मावशी, कुणावर निगालायसा?" मी म्हटलं, "भातावर. तिकीट फाड."

मुक्काम भोरजवळ उत्रोलीला, नणंदेकडं. दुसऱ्या दिवशी भोरच्या बाजारात बसले. चौदा आणे नग. जो येई तो विळा तळहातावर झेलून बघे.

"लई हलका हाय. लोखंड खाल्लंस व्हय बाई?"

व्यापारी शेरावर घेतो, म्हणून सगळे लोहार पाठ जाड ठेवतात. गिऱ्हाइकाला तीच सवय लागली. आमच्या मालकांनीही दहा विळे तसेच जाड केले होते. बाकीचे तीस पातळ. पातळ पात्याला लोखंड कमी लागतं, पण ठोकणं दुप्पट. आणि घण मी घालते.

दिवसभरात दोन पातळ गेले. शेजारचा व्यापारी तागडी हलवत म्हणाला, "टाका हितं. नगाला सहा आणे पडतील. कशाला वझं माघारी नेताय?"

"माझंच वझं हाय," मी म्हटलं आणि उठले.

रात्री डोळा लागला नाही. सकाळी नणंदेच्या शिवारात लवकर पिकणारं हळवं भात कापायला बाया जमल्या. प्रत्येकीला एकेक पातळ विळा दिला. "आज फुकट कापा." सखू म्हणून एक होती, ती म्हणाली, "मला जडच दे. हलक्यानं काय व्हतंय?"

दुपारपर्यंत सखू दोन ओळी मागं पडली. मनगट चोळत आली. "वहिनी, त्यो हलका दे इकडं."

"चौदा आणे."

"बाराला दे की."

"बाराला हातातला जडच घे."

बाया हसल्या. सखूनं कनवटीचे पैसे काढले. मग बाकीच्यांनीही आपापला विळा सोडला नाही. दुसऱ्या दिवशी शेजारच्या शिवारात तेच केलं. पातळ सगळे संपले. जाड दहाच्या दहा राहिले.

तर सांगते, विळा बाजारात झेलायला देऊ नका, शेतात कापायला द्या. आणि भाव एकदा बोललात की उतरू नका. एकीला उतरलात की सगळ्यांना उतरावं लागतं.

घरी मालकांनी गाठोडं सोडलं. दहा जाड विळे बघितले, पैशाचा कसा हातात तोलला. मग ते दहा भट्टीजवळ मांडून म्हणाले, "घण घे. पाठी पातळ करू."

"आदी किंमत ठरवा."

ते बोटावर मोजू लागले. लोखंड, कोळसा, मूठ, त्यांची मजुरी. "झाले की चौदा आणे."

"आन् माझा घण?"

आजवर त्याची मजुरी किमतीत कधी धरलीच नव्हती, मीही नाही. मालकांनी आणखी एक बोट मोजलं.

"मग रुपायाला जातोय ग विळा."

"जाऊ द्या," मी म्हटलं आणि घण उचलला.