बर्फाचा चोर

“मले सब समजते.”

डावा डोळा मिटायचा, उजवा समोरच्यावर रोखायचा आणि हे वाक्य टाकायचं. मग समोर दूधवाला असो, जावई असो नाहीतर पूजेला आलेले महाराज. समोरच्या घरातल्या काकींकडे ह्या बाबतीत भेदभाव नव्हता. मी लग्न होऊन गोंदियाजवळ मुर्रीला आले त्याच आठवड्यात त्यांनी वाटीभर चिवडा आणून दिला आणि वाटी उलटी करून बुडाला लावलेला नेलपॉलिशचा लाल ठिपका दाखवला. “बदलून येते वाटी. लोकं लय बेकार आहेत,” म्हणाल्या. घ्या! नवी नवरी मी, अजून सासूबाईंची भांडी ओळखत नव्हते, तर ह्यांची वाटी कुठे लपवणार होते?

काकाजी म्हणजे त्यांचे यजमान, एकदम उलटे. बोलणं कमी, हसणं जास्त. सारा जन्म राईस मिलमध्ये गेला आणि कोंड्याची धूळ छातीत जाऊन बसली. खांद्यावर लाल चौकड्यांचा दुपट्टा बारा महिने. काकी गावभराच्या लबाड्या सांगत असल्या की हे दुपट्ट्याच्या टोकानं तोंड पुसत ऐकत राहायचे. मध्येच एवढंच म्हणायचे, “अस्सं?” काकींना तेवढं पुरायचं. त्या आणखी दोघातिघांची नावं घ्यायच्या.

मग त्यांची छाती फारच बिघडली. डॉक्टर म्हणाले, कूलरची ओल आणि मिलची धूळ दोन्ही बंद. खोली बंद ठेवा, थंड ठेवा, नवतपा निभावला तर मिळवलं. गोंदियाचा नवतपा, मे संपतानाचे ते नऊ जळते दिवस, तुम्हाला माहीत असेलच, धडधाकट माणसाची गाळण उडते. मुलगा पुण्याला. त्यानं तिथूनच खिडकीत बसणारा एसी पाठवला. माझा दीर एसीचंच काम करतो, त्यानं तो काकाजींच्या खाटेला लागून असलेल्या खिडकीत बसवून दिला.

चार दिवस बरे गेले. मग एका दुपारी मशीन घरघरायला लागलं आणि वारा यायचा बंद झाला. दीरानं झाकण उघडलं तर आत फ्रीजच्या वरच्या खणासारखा पांढरा थर. बर्फ वितळला, मशीन पुन्हा छान चालायला लागलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही. दीर बिचारा डोकं खाजवत म्हणायचा, “वहिनी, गॅस बरोबर आहे, जाळी साफ आहे, पंखा फिरून रायला. मग बर्फ काऊन जमून रायला?”

“काऊन म्हणजे? तुले नाई माहीत?” तो गेल्यावर काकी मला म्हणाल्या आणि डावा डोळा मिटला. “थोडा थोडा गॅस काढून नेते लेकाचा. मले सब समजते.”

हे त्या मला, माझ्याच ओसरीत उभ्या राहून, माझ्याच दिराबद्दल सांगत होत्या! माझा असा संताप झाला म्हणून सांगू. पण काकींचा संशय एका घरी मुक्काम करणारा नव्हे. संध्याकाळपर्यंत त्यात लाईनमन आला. मग मुलानं जुनंच मशीन रंगवून पाठवलं असेल, असं ठरलं. मग शेजारणीची नजर लागली म्हणून जाळीला लिंबू-मिरची टांगली गेली. झाकणाच्या स्क्रूंना त्यांनी लाल दोरा बांधून ठेवला. कोणी उघडलं तर दोरा तुटेल. दोरा काही तुटला नाही आणि बर्फ काही थांबला नाही. “पाय, कसा हुशार चोर आहे,” काकी म्हणाल्या.

हसू येत होतं खरं, पण आत काकाजींचा जीव होता. मशीन बंद पडलं की खोलीची भट्टी व्हायची आणि त्यांची छाती भात्यासारखी चालायची. काकी दाराबाहेरच स्टूल टाकून बसलेल्या असायच्या, कारण ती थंडी त्यांच्या गुडघ्यांना चालत नव्हती. घरघर झाली की धावत आत जायच्या, दार-खिडक्या उघडायच्या आणि खाटेवर बसून हातपंख्यानं वारा घालत चोराच्या सात पिढ्यांचा उद्धार करायच्या. तो सगळा आम्हाला रस्त्यापलीकडे ऐकू यायचा आणि त्यात आमचं आडनावही असायचं.

एकदा अशाच वेळी मी मदतीला गेले. काकाजींच्या खांद्यावरचा दुपट्टा ओलाचिंब होता. “घाम किती आला पाय,” म्हणत काकींनी तो माझ्याकडे पिळायला दिला. मी पिळला आणि हात तसाच राहिला. दुपट्टा थंडगार होता. नवतप्यात घाम थंडगार कसा येईल, तुम्हीच सांगा. आता संशयाचा किडा माझ्याही डोक्यात शिरला. शेजार लागतो तो असा.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आमच्या जिन्यावर जाऊन उभी राहिले. तिथून त्यांच्या खोलीची दुसरी खिडकी दिसते. दार बंद, मशीन चालू, काकाजी एकटे. थोड्या वेळानं ते उठून बसले, दाराकडे पाहिलं, खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि मशीनच्या जाळीवर नीट पसरला. हवा आत जायची वाटच बंद, मग आत बर्फ जमणार नाही तर काय! शाळेतलं पोट्टं बाकाखाली चिंच लपवतं ना, तो चेहरा. घरघर सुरू झाली तसा दुपट्टा पुन्हा खांद्यावर आला आणि काकाजी डोळे मिटून आडवे झाले. पाठोपाठ दार उघडलं आणि काकींच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला.

संध्याकाळी काकी दळण आणायला गेल्या तशी मी काकाजींच्या खोलीत शिरले. “काकाजी, हे काय चालवलंय? जिवाशी खेळता काय? आणि चोर कोण, तर माझा दीर!”

ते घाबरले नाहीत. ओठांवर बोट ठेवून म्हणाले, “सांगजो नको वो सूनबाई. मशीन चालू असली का दार बंद. दार बंद असलं का मी एकटा. बंद पडली का थे येते, पंखा हालवते, साऱ्या गावाले शिव्या देते. लय बरं वाटते.”

“मग आत बसा म्हणा की त्यांना!”

“अन् तिचे गुडघे?” ते म्हणाले. “थे बसंल वो, म्या म्हटलं तं. म्हून तं म्हणत नाई.”

आता काय बोलायचं ह्या माणसाला? रडूही आलं आणि रागही गेला नाही. काकींना सांगितलं तर काकाजींचं बिंग फुटतं, न सांगितलं तर नवतपा डोक्यावर तापतोय. शेवटी मी काकींच्याच देवाला, म्हणजे त्यांच्या संशयाला, नैवेद्य दाखवला. त्यांना बाजूला घेऊन कुजबुजले, “काकी, मला वाटते चोर बाहेरचा नाही. तो खोलीतच येते. तुम्ही दाराबाहेर बसता म्हणून त्याचं फावते.”

काकींनी माझ्याकडे उजव्या डोळ्यानं बराच वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, “अस्सं?”

दुसऱ्या दिवसापासून काकी आत. अंगात स्वेटर, कानाला मफलर, गुडघ्यांवर गोधडी आणि बाहेर रस्त्यावर डांबर वितळतंय! मशीनकडे तोंड करून त्या पहाऱ्याला बसायच्या आणि पहारा करता करता गावभराच्या लबाड्या सांगायच्या. खाटेवरून “अस्सं?” यायचं. त्या दिवसापासून बर्फ जमला नाही. नवतपा निघून गेला. माझ्या दिराचं नाव मात्र काकींनी काही मोकळं केलं नाही. “घाबरला. पहारा पायला ना त्यानं,” म्हणाल्या.

काकाजी धान कापणीच्या दिवसांत गेले. झोपेतच गेले, शांतपणे.

पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी मी पन्हं घेऊन समोर गेले. खोलीचं दार बंद होतं. ढकललं तर अंगावर गार वारा आला. मशीन चालू. काकी स्टुलावर, अंगात स्वेटर, कानाला मफलर. खाट रिकामी, तिच्यावर तो दुपट्टा घडी करून ठेवलेला.

“काकी, गुडघे दुखतील ना. कशाला बसता आता?”

त्यांनी दुपट्ट्याची घडी सारखी केली. मग म्हणाल्या, “घाम कधी थंडा असते का वो? रोज मीच तं वाळू घालत होतो. मले सब समजते.”

मी चाटच पडले. “तुम्हाला ठाऊक होतं? मग माझ्या दिराचं नाव काऊन घेतलं?”

“मंग कोणाचं घेऊ?” काकी फणकारल्या. “त्यायचं घेऊ? लोकायले सांगू, आमचा बुढा बायकोसाठी मशीन बंद पाडते म्हून? दाराशीच तं बसत होतो मी, कान लावून. आवाज बदलला का आत. आत बसतो म्हटलं तं बसू देत नव्हते. तू चोर म्हणलीस, तवा बसाले भेटलं.”

पन्ह्याचा पेला मी त्यांच्या हातात दिला. त्यांनी सवयीनं तो उलटसुलट करून बुडाशी पाहिला आणि खाली ठेवून दिला.

“आता कसला पहारा, काकी?” मी हळूच विचारलं.

डावा डोळा मिटला. उजवा भरून आला होता, तरी जाळीवरून हलला नाही.

“चोर येते का पायतो,” त्या म्हणाल्या.